हयगय मोजायची कशी?

पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद लिहून घेताना एक वाक्य हमखास येतं. ‘आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ अमक्याच्या मोटारसायकलला धडक दिली. गाव बदलतं, गाडीचा नंबर बदलतो, वाक्य तेच राहतं. रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोखाली कुणी सापडलं तरी टेम्पो ‘भरधाव’च असतो. क्लेमची कामं चालवणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असतं आणि कोर्टात ते वाचलं जाताना कुणी मान वर करून बघत नाही.

पण त्या एका ओळीत मोठा प्रश्न उरकून टाकलेला असतो. या माणसाने त्या क्षणी काय करायला हवं होतं, आणि ते त्याने केलं नाही असं कशावरून म्हणायचं? शारीरिक इजेच्या भरपाईचा सगळा कायदा या प्रश्नाभोवती फिरतो. वकिली भाषेत याला काळजी घेण्याच्या कर्तव्याचा भंग म्हणतात. इंग्लंडच्या कोर्टांनी पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ याचा कीस पाडला. आपल्याकडे या प्रश्नाला वळसा घालण्याच्या वाटाच अधिक तयार झाल्या, असं माझं मत आहे. भरपाई मिळते, कधी बरीही मिळते. कुणाचं नेमकं काय चुकलं हे मात्र निकालपत्रात शोधत बसावं लागतं.

भंगाच्या आधी कर्तव्य आलं. त्याची गोष्ट कायद्याच्या पहिल्या वर्षातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधलं पेझ्ली गाव. एका कॅफेत मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बीअर पिताना बाईच्या ग्लासात कुजलेली गोगलगाय पडली, असं तिचं म्हणणं. बाटली तिने स्वतः विकत घेतली नव्हती, म्हणजे करार कुणाशीच नाही. तरीही उत्पादक तिला जबाबदार असू शकतो, असं १९३२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं. आपल्या वागण्याची झळ ज्याला लागेल हे आधीच ध्यानात यायला हवं तो कायद्याने आपला शेजारी, ही लॉर्ड ॲटकिन यांची मांडणी. शेजारधर्म हा शब्द मराठीत होताच, इथे त्याला वसुलीची सोय मिळाली. बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे मात्र कधीच सिद्ध झालं नाही. तत्त्व ठरलं आणि पुढे प्रकरण तडजोडीत मिटलं.

आज चालकाचं वाटसरूशी, डॉक्टरचं पेशंटशी, मालकाचं कामगाराशी कर्तव्य आहे की नाही यावर कुणी वेळ घालवत नाही. लढाई होते ती भंगावर.

तिची सुरुवात एका गंजीपासून होते. ओलसर चारा रचला की गंजी आतून तापते आणि एखाद्या दिवशी धूर काढते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतं. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याने अशीच गंजी शेजाऱ्याच्या घरांजवळ हद्दीवर रचली. पाच आठवडे लोक त्याला सांगत होते की ही पेटेल. काय व्हायचं ते होऊ दे, अशा थाटात त्याने ती तशीच ठेवली. फार तर मधून धुराड्यासारखी एक पोकळी काढली. गंजी पेटली, शेजाऱ्याची घरं जळाली. १८३७ साली त्याचा वकील कोर्टात म्हणाला, अशिलाने त्याच्या अकलेप्रमाणे प्रामाणिकपणे वागून पाहिलं, अक्कल कमी असणं हा काही गुन्हा नाही. कोर्टाने ते मानलं नाही. ज्याची त्याची अक्कल हे माप धरलं तर जितकी माणसं तितकी मापं होतील, म्हणून माप एकच, सर्वसाधारण शहाण्या माणसाचं.

हा शहाणा माणूस गेली जवळपास दोन शतकं कायद्यात वावरतो आहे. तो फार हुशार नाही, फार भित्राही नाही. तो रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो आणि पावसाळ्यापूर्वी गच्चीतल्या कुंड्या कठड्यावरून खाली उतरवतो. त्याला कुणी पाहिलेलं नाही, तरी खटल्यातल्या प्रत्येक प्रतिवादीला त्याच्या शेजारी उभं करून बघतात. शिकाऊ चालकालाही यातून सूट नाही. १९७१ च्या एका इंग्लिश खटल्यात गाडी शिकणाऱ्या बाईने दिव्याच्या खांबाला धडक दिली आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या स्नेह्याची गुडघ्याची वाटी फुटली. बाई शिकत होती हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. तरी तिला माप लागलं ते सराईत चालकाचं. हा निकाल मला कठोर वाटतो, पण त्यामागचं कारण पटतं. रस्त्यावरच्या माणसाने समोरच्या गाडीवरची ‘एल’ची पाटी वाचून आपली हाडं किती मजबूत ठेवायची हे ठरवायचं का?

माप एक असलं तरी वजनं बदलतात. इथे क्रिकेटच्या मैदानाचा दाखला आपल्या वाचकाला सगळ्यात लवकर पटेल. ऑगस्ट १९४७ मध्ये मँचेस्टरजवळच्या चीटम क्लबच्या मैदानातून एका फलंदाजाचा चेंडू कुंपणावरून थेट बाहेरच्या रस्त्यावर गेला आणि आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या बाईला लागला. फलंदाजापासून कुंपण ७८ यार्डांवर, बाई शंभराच्या आसपास. कुंपणाचा वरचा काठ मैदानाच्या पातळीपासून १७ फूट. साक्षीत निघालं की तीस-एक वर्षांत चेंडू असा बाहेर गेला तो फक्त सहाएक वेळा. १९५१ साली लॉर्ड्सनी क्लबला सोडलं. धोका कल्पनेत येण्याजोगा होता, पण इतका बारीक की शहाणा माणूस त्यासाठी कुंपण वाढवत बसला नसता. लॉर्ड रीड यांनी मात्र बजावून ठेवलं की धोका खरोखरच मोठा असेल आणि तो टाळून खेळता येत नसेल, तर तिथे खेळूच नये. दादर-गिरगावच्या चाळींत वाढलेल्यांनी एकेका मोसमात सहाहून जास्त काचा फोडलेल्या असतात, त्यांना या निकालाचा आधार मिळणार नाही.

त्याच सुमारास दुसरं वजन ठरलं ते इजेच्या गांभीर्याचं. लंडनच्या एका नगर परिषदेच्या गॅरेजमध्ये गंजलेला बोल्ट ठोकताना धातूचा तुकडा उडून कामगाराच्या डोळ्यात गेला. त्याचा दुसरा डोळा आधीच गेलेला होता आणि मालकाला ते माहीत होतं. अशा कामाला चष्मा द्यायची पद्धत नव्हती. दोन डोळ्यांच्या कामगाराला नसेल, पण या माणसाला तो द्यायलाच हवा होता, असा निकाल लागला. दोन वर्षांनी तिसरं वजन. कारखान्यात पुराचं पाणी शिरलं, तेल पसरून जमीन निसरडी झाली. मालकाने मिळेल तेवढा भुसा पसरला, तरी एकजण घसरलाच. यासाठी सगळा कारखाना बंद ठेवायला हवा होता असं म्हणता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं.

अमेरिकेत न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९४७ साली हीच वजनं गणितात बसवली. न्यूयॉर्क बंदरातला एक माल वाहणारा बार्ज सुटून वाहत गेला, त्याला भोक पडलं आणि तो बुडाला. त्यावरचा राखणदार २१ तास जागेवर नव्हता. हँड यांचं म्हणणं असं की खबरदारीचा खर्च हा अपघाताची शक्यता गुणिले संभाव्य नुकसान यापेक्षा कमी असूनही खबरदारी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा. सूत्र देखणं आहे. त्यात भरायचे आकडे मात्र सहसा कुणाकडे नसतात. तरी त्याने प्रश्न नीट विचारायला लावला. ‘तू बेफिकीर आहेस का?’ असं विचारण्याऐवजी ‘काय केलं असतंस, त्याला किती पडलं असतं आणि त्याने काय टळलं असतं?’ असं विचारायचं.

आता आपल्याकडे येऊ. वैद्यकीय हयगयीचा भारतातला मूळ निकाल कोकण आणि पुणे यांच्यामधल्या रस्त्यावर घडलेला आहे. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या पुळणीवर विशीतल्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. पुण्याला आणायचं तर दोनशे मैल, तेही त्या काळच्या रस्त्यांनी, टॅक्सीतून. पुण्याच्या दवाखान्यात ९ मेला सकाळी तो दाखल झाला. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं सांगितली होती, दिलं गेलं एकच. भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने पाय जोरात ओढून हाड बसवलं आणि प्लॅस्टर घातलं. त्याच रात्री नऊच्या सुमाराला मुलगा गेला. डॉक्टरांचा बचाव असा की चरबीची गुठळी अडकून मृत्यू आला. कोर्टांनी मानलं ते असं की भुलीविना जोर लावल्याने बसलेल्या धक्क्याने. वडील स्वतः डॉक्टर होते. भरपाई ३,००० रुपये ठरली आणि ती पंधरा वर्षांनी, १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण या निकालातला, म्हणजे जोशी-गोडबोले खटल्यातला, एक परिच्छेद अजून उद्धृत होतो. पेशंट घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा, आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरचं कर्तव्य वेगवेगळं उभं राहतं, असं त्यात म्हटलं आहे. मला यातली नेमकेपणाची हौस आवडते. कोर्टाने ‘डॉक्टर निष्काळजी होता’ एवढ्यावर थांबायचं नाकारलं. भूल, इंजेक्शनं, किती हातांनी किती जोर लावला, इथपर्यंत ते गेलं.

पुढे वारं बदललं. इंग्लंडमध्ये १९५७ साली बोलाम खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं होतं की जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेल्या पद्धतीने वागणारा डॉक्टर दोषी नाही, दुसऱ्या गटाला ती पद्धत पसंत नसली तरी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हीच कसोटी स्वीकारली. तो खटला फौजदारी होता, आणि डॉक्टरांना ऊठसूट अटक होऊ नये हा त्यामागचा रास्त विचार होता. फौजदारीला ढोबळ हयगय लागते, दिवाणी दाव्याला तेवढी लागत नाही, हा फरकही त्यात स्पष्ट केला आहे. पण बोलामची कसोटी दिवाणीतही आली आणि काय करायला हवं होतं हे ठरवायचं काम बऱ्याच अंशी डॉक्टरांच्याच हाती राहिलं. इंग्लंडने १९९७ मध्ये स्वतःला आवरलं: तज्ज्ञांचं मत तर्काला धरून नसेल तर कोर्ट ते बाजूला ठेवू शकतं. २०१५ मध्ये तिथे उपचारातले धोके पेशंटला सांगण्याच्या बाबतीत बोलाम जवळपास निवृत्तच झाला. या विशिष्ट पेशंटला काय कळायला हवं, हे तिथे माप झालं. आपल्या न्यायालयाने २००८ मध्ये संमतीचा प्रश्न हाताळताना अमेरिकी पद्धतीची सविस्तर माहितीची सक्ती आपल्याला परवडणारी नाही, असं म्हणून मधला रस्ता धरला. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत पन्नास पानी धोक्यांची यादी कोण वाचणार, हे खरं. तरी ऑपरेशनच्या आदल्या रात्री नातेवाइकाच्या हातात दिलेला, खाली ‘वाचून समजले’ असं आधीच छापलेला कागद म्हणजे संमती कशी काय?

काही हयगयींना तज्ज्ञ लागतच नाही. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जुलै १९६३ मध्ये बाळंतपणानंतर एका महिलेची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखायला लागलं, पुन्हा उघडलं तेव्हा आत टॉवेलसारखा मॉप सापडला, भोवती पू. २४ जुलैला ती गेली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत दिले. पोटात कापड कसं राहिलं याचा खुलासा रुग्णालयाने करायचा, पेशंटच्या नवऱ्याने नव्हे, असा हा नियम. ‘घटनाच बोलते’ असं आपण म्हणू. ग्राहक न्यायालयाचा रस्ता १९९५ च्या निकालाने डॉक्टरांविरुद्ध खुला झाला असला, तरी सगळ्यांवर फुकट उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे पेशंट त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे अशा ठिकाणी मॉप राहिलेली बाई आजही दिवाणी कोर्टातच जाणार.

या नियमाचा सार्वजनिक पातळीवरचा दाखला म्हणजे दिल्लीच्या चांदणी चौकातलं घड्याळाच्या मनोऱ्याचं बांधकाम. एप्रिल १९५१ मध्ये ते कोसळलं, खालून जाणारे लोक मेले. पालिका म्हणाली, दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता. निघालं असं की मनोरा ऐंशी वर्षांचा होता आणि तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. चुन्याचा भुगा झाला होता. दिसत नव्हतं हे ठीक, पण बघायला कधी कुणी गेलं होतं का? १९६६ मध्ये पालिका हरली. हँड यांचं सूत्र मांडून पाहिलं तर तपासणीचा खर्च म्हणजे एका अभियंत्याचा एक दिवस.

मोटार अपघातांत मात्र आपण मुद्दाम या प्रश्नापासून दूर गेलो, आणि ते बरंच झालं. १९७७ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की हयगय सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. मग कायदाच बदलला. १९८२ पासून दोष न पाहता ठरावीक रक्कम, १९९४ मध्ये तक्त्यावरून हिशोब, २०१९ च्या दुरुस्तीने मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, कुणाची चूक होती हे न विचारता. त्याहून जास्त हवं तर कलम १६६, आणि तिथे हयगय अजून लागते. पण तिथेही पुरावा फौजदारीसारखा कडक मागत नाहीत. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि एखादा साक्षीदार यावर काम भागतं. मग निकालाची उरलेली तीस पानं वय, पगार, अवलंबित आणि गुणक यांची. पंचविशीपर्यंतच्या तरुणाला १८ चा गुणक, पुढे वयाबरोबर कमी होत जातो. हिशोब पक्का. वळणावर झाडाने वाढून रस्ता झाकला होता का, दुभाजकाला परावर्तक होता का, हे कुणी विचारत नाही, कारण त्याने रकमेत फरक पडत नाही. विमा कंपनी विचारते ते एवढंच, मयताची स्वतःची चूक किती टक्के. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रिपल सीट असणं हीच चूक धरून भरपाई कापायला नकार दिला. अपघात त्यामुळे झाला असं दाखवा, मग कापा. हा छोटासा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण नियम मोडणं आणि कर्तव्याचा भंग यांतली गल्लत त्याने थांबवली.

महापालिकांकडे वळलं की सूर बदलतो. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड पडून ऑफिसला निघालेला माणूस मेला. खालच्या दोन्ही कोर्टांनी पालिकेला जबाबदार धरलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटवलं: प्रत्येक झाडाची अशी जबाबदारी लादली तर कुणी झाडंच लावणार नाही. मनोरा आणि झाड यांत फरक आहे हे मान्य, पण पोखरलेलं झाड आणि हिरवंगार झाड यांतही फरक असतो. तो भंगाच्या टप्प्यावर तोलता आला असता. न्यायालयाने कर्तव्यच नाही म्हणून दार आधीच लावून घेतलं. मुंबईत दर पावसाळ्यात झाडं पडतात आणि त्या निकालाची आठवण वकिलांना होते.

रस्त्यांसाठी दुसरं दार उघडलं, संविधानाचं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुस्थितीतला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१७ च्या २९ ऑगस्टच्या पावसात एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले आणि शहर हादरलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे होणाऱ्या मृत्यूला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख, असे आकडे ठरवून दिले, आणि ती रक्कम पुढे जबाबदार अधिकाऱ्याकडून वा ठेकेदाराकडून वसूल करायला सांगितली. दावा दाखल करून पंधरा वर्षं वाट बघण्यापेक्षा हे नक्कीच चांगलं. पण वसूल करायचं म्हणजे आधी जबाबदार कोण ते ठरवायला हवं, आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न येतो ज्याला वळसा घातला होता. चर कुणी खोदला, कधी बुजवायचा होता, किती दिवस उघडा होता, तिथे काय लावायला हवं होतं?

लंडनमध्ये विजेच्या खात्याने फूटपाथवर चर खोदला आणि अडथळा म्हणून एक लांब दांड्याचा हातोडा तिरका टेकवून ठेवला. डोळस माणसाला पुरेसा होता. काठी टेकत जाणाऱ्या एका अंध माणसाच्या काठीला हातोडा लागला नाही, तो माणूस अडखळून पडला आणि कानाने बहिरा झाला. १९६४ साली लॉर्ड्सनी म्हटलं, पाचशेत एक माणूस अंध असतो आणि अंध माणसं रस्त्याने एकटी हिंडतात हे खात्याला माहीत असायला हवं होतं. एक साधं कुंपण पुरलं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केबलसाठी खोदलेला एक चर गेले दोन महिने तसाच आहे. एका टोकाला राडारोड्याचा ढीग, दुसऱ्या टोकाला ड्रेनेजचं झाकण बाजूला सरकलेलं. पहिले काही दिवस दोन दगडांना बांधलेली लाल-पांढरी फीत होती, ती वाऱ्याने गेली. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याने गुलमोहराची एक मोठी फांदी तोडून भोकात उभी खोचली, जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावं म्हणून. धोका ओळखून खबरदारी घेणारा कायद्यातला तो शहाणा माणूस आमच्या गल्लीत तेवढा एकच निघाला, आणि त्याच्यावर कसलंही कर्तव्य नव्हतं. फांदी आता वाळली आहे. पानं गळून गेल्यामुळे संध्याकाळी सातनंतर ती दिसत नाही.